तिचा ब्लॉग मी काढला होता

कागदी कप फक्त माझ्यासाठी होता.

बुलढाण्यात सरांच्या घरी व्हरांड्यात आम्ही दोघं बसलो होतो. मी आणि माझ्याच वर्गातला देऊळगाव राजाचा एक मुलगा. काकूंनी चहा आणला. सरांना कपबशी. त्याला कपबशी. मला कागदी कप.

"कप कमी पडले रे," काकू म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. उघड्या दारातून आतलं फडताळ दिसत होतं. कपांची अख्खी रांग उपडी घातलेली होती.

सरांचा लॅपटॉप मात्र माझ्या मांडीवर होता. त्याला हात लावलेला चालत होता.

मी चहा प्यालो. छान झालाय म्हणालो. ते का म्हणालो, हे अजून नीट सांगता येत नाही.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. कमवा आणि शिका योजनेत मी सरांच्या विभागात काम करायचो. माझ्या कामाच्या तासांवर सरांची सही लागायची. कॉलेजनं ऑनलाइन शिकवण्यासाठी प्लॅटफॉर्म घेतला, तो सरांना जमेना. मला जमला. म्हणून सरांनी त्यांचा पासवर्डच मला देऊन टाकला.

त्या दिवशी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ब्लॉग लिहिण्याचं काम लावायचं होतं. सर सांगत गेले, मी भरत गेलो. विषय, 'माझं गाव, माझा अभिमान'. शब्दमर्यादा. शेवटची तारीख. ब्लॉग कुणाला दिसेल, तर संपूर्ण वर्गाला. दुसऱ्यांच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया देणं सक्तीचं. आणि जो ब्लॉग दिसत नाही तो दिलाच नाही असं धरायचं, गुण शून्य. सगळं मी लावलं. बरं वाटत होतं. सरांचं काम माझ्यावाचून अडतं, असं वाटत होतं.

ब्लॉग येऊ लागले. देवळं आली, यात्रा आल्या, कुणाच्या आजोबांची पाटीलकी आली. खाली प्रतिक्रिया, 'खूप छान', 'खूप छान'. गुण मिळवायचे होते.

मग वरवट बकालकडच्या एका खेड्यातल्या मुलीचा ब्लॉग आला. तिनं लिहिलं होतं:

"आमच्या गावात हनुमान जयंतीला भंडारा होतो. सगळं गाव जेवतं असं म्हणतात. आमची पंगत शेवटी बसते, गुरांच्या हौदापाशी. ताटं आम्ही घरून नेतो. वाढणारा आमच्या ताटाशी वाकत नाही, वरूनच टाकतो. भाजी अंगावर उडते. अभिमान वाटतो का असं विचारलं आहे. मला ठरवता आलेलं नाही."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्याही गावात वाढणारा वाकत नाही. माझी आई भंडाऱ्याला जुनं लुगडं नेसून जाते, डाग पडतील म्हणून. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पोरीनं अख्ख्या वर्गासमोर लिहून टाकलं.

खाली प्रतिक्रिया आल्या. 'आता असं काही राहिलेलं नाही.' आणि एक, 'जेवण तर मिळतं ना?'

सरांचा फोन आला. "अरे, ते काढ. मी खोटं आहे असं म्हणत नाही. पण विषय काय दिला होता? अभिमान."

प्रत्येक ब्लॉगशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं. त्यावर बोट दाबलं की डोळ्यावर आडवी रेघ येते आणि ब्लॉग कुणालाच दिसत नाही. लिहिणाऱ्यालाही नाही. मी दाबलं. हो सर म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती विभागात आली. "दादा, माहा ब्लॉग दिसूनच नाही राह्यला. पुन्हा टाकला, पुन्हा गेला. माहा मोबाईल खराब हाय का?"

पुन्हा टाकलेलाही मीच काढला होता.

"नेटचा प्रॉब्लेम असेल," मी म्हणालो.

"तुम्ही पाहून द्या ना जरा. सर म्हणतात, तुम्हालेच सारं जमते."

नंतर ती भावाचा मोबाईल घेऊन आली. जिन्याखाली कॉलेजचं नेट बरं चालतं, तिथं बसून तिनं सगळं पुन्हा टाइप केलं. मी वरून पाहत होतो. ती खाली लिहीत होती आणि हे काढायचं कधी, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. ती उठून गेल्यावर काढला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आपण काय करतोय हे कळत होतं. कळत असूनही करत होतो.

सरांनी बोलावलं. खूश होते. "पुढच्या वेळी सेटिंगच बदल. ब्लॉग आधी तुझ्याकडं येतील. तू वाचायचे, बरे ते सोडायचे. तुमच्यातली पोरं काय लिहितात, ते तुला बरोबर कळतं."

तुमच्यातली.

म्हणजे मी हुशार म्हणून तिथं नव्हतो. आमच्या माणसांना अडवायला आमचाच माणूस लागत होता. आणि ते काम मी सुरूही केलं होतं.

"सर, हे मी लावणार नाही."

"काय?"

"हे सेटिंग. आणि तिचा ब्लॉग मी परत दाखवतोय."

सर हसले. "तासांवर सही कुणाची घेशील मग?"

मी मोबाईल उघडला. तिथंच, त्यांच्यासमोर, डोळ्यावरची रेघ काढली.

मग तिला गाठलं. "नेटचा प्रॉब्लेम नव्हता. मीच काढत होतो."

"तुम्ही वाचला व्हता?"

"हो."

"पूरा?"

"पूर्ण."

"अन् मंग काढला?"

"आमची पंगतही तिथंच असते," एवढंच म्हणालो.

"वाटलं नाही तसं," ती म्हणाली आणि गेली.

दोन दिवसांनी तिचा नवा ब्लॉग आला. तिचं लिहिलेलं कसं जात राहिलं, ते तिनं लिहिलं होतं. 'काढणारे दादा आमच्याच पंगतीतले निघाले,' असंही लिहिलं होतं. सरांनी पासवर्ड अजून बदललेला नव्हता. सरांचा फोन आला, "आता तुझीच बदनामी आहे. आता तरी काढ."

"राहू द्या सर."

तिच्या ब्लॉगखाली मी प्रतिक्रिया लिहिली, 'हे खरं आहे. काढणारा मी.' प्लॅटफॉर्मवर माझ्या खात्याला मी आडनावाऐवजी वडलांचं नाव लावून भागवायचो. आडनाव कळलं की माणसं बोलता बोलता थांबतात. त्या दिवशी आडनाव लावलं आणि मग प्रतिक्रिया टाकली.

सही मिळत नाही. काम गेलं. तिनं मला माफ केलेलं नाही, आणि तिनं ते करावं असं सांगायला मी जाणार नाही. ती प्रतिक्रिया कुणी काढली तर पुन्हा टाकीन. खातं बंद केलं तर वर्गात उभा राहून सांगेन, पूर्ण नावानिशी. आमच्या माणसांचं तोंड दाबायला त्यांना आता दुसरा हात शोधावा लागेल. हा मिळणार नाही.