आईचा डावा डोळा

माझ्या आईच्या डाव्या डोळ्यात लहानपणीच फूल पडलेलं. त्या डोळ्यावर पदर कायम ओढलेला. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती अर्धीच दिसते. घरात तिच्या पुऱ्या चेहऱ्याचं एक चित्र असावं, या हट्टापायी मी तेलरंग शिकायला निघाले.

तशी ब्रश धरायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पेणजवळ आमचा गणपतींचा कारखाना, आणि आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, माझ्याकडे. दोन्ही डोळे एका मापाचे. जरा इकडेतिकडे झालं की बाबा मूर्ती बाजूला ठेवायचे. त्यामुळे रविवारी गाडीने रोह्याला उतरून, पूल ओलांडून अष्टमी गावात तेलरंग शिकवणाऱ्या गुरुजींकडे जाताना मी जरा तोऱ्यातच असायचे.

गुरुजी म्हणायचे, "घाई नको. तेलरंग सावकाश वाळतो, तेवढा वेळ माणसाकडे बघावं." मला कुठला धीर! नाक, हनुवटी, गालावरची सावली जमली, आणि डोळे आमच्या रीतीप्रमाणे अगदी शेवटी, घरीच आखून टाकले. आई समोर स्टुलावर होती, पदर तसाच. झाकलेला डोळा मी उघड्या डोळ्यावरून बेतला.

आई उठून चित्रासमोर आली. बराच वेळ बघत राहिली.

"ब्येस काढलंस गो," ती म्हणाली. "पण कोण हाय ही?"

ती थट्टा करत नव्हती. मला रागच आला.

"मग दाखव ना तुझा डोळा! पोटच्या पोरीलाही कधी नीट बघू दिला नाहीस."

आई परत स्टुलावर बसली आणि पदर मागे सारला.

"काढ," म्हणाली. "गणपतीचा नको, माझा काढ."

रंग ओलाच होता. टर्पेंटाइनच्या फडक्याने मी तो देखणा डोळा पुसून टाकला. फूल पांढरं असेल असं मला वाटायचं. ते निळसर करडं होतं, कडेला खिडकीचा उजेड पडलेला. हात सवयीने दोन्ही डोळे सारखे करायला धावायचा, मी त्याला आवरत होते. तो डोळा मला फार आवडला, आणि मी तिला तसं सांगितलंही.

"गप काढ," ती म्हणाली.

चित्र झाल्यावर ती पुन्हा समोर येऊन उभी राहिली.

"व्हय. ही मी."

बाहेर जाताना ती शेवटपर्यंत पदर ओढायची. घरात मात्र त्या दिवसापासून कधीच नाही.