तारवाला रांगेत चालतो

नागपुरातल्या सक्करदऱ्याचा देवराव वासनिक तारवाला होता आणि सायकल अशी हाणायचा की इतवारीतले रिक्षावाले शिव्या देत बाजूला व्हायचे. अठ्ठावीस वर्षांचा गडी, मांड्या नुसत्या लोखंडाच्या. पण ह्या भल्या माणसाला येताना पाहून कुणालाच कधी आनंद झाला नाही. त्याची सायकल फाटकाशी थांबली की घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. तार नोकरीची असली तरी आधी रडारड. देवरावला ह्याचा मनापासून वीट आला होता.

म्हणून एकाहत्तरच्या जानेवारीत रविवार सायकल मंडळाने त्याला शंभर किलोमीटरच्या फेरीला बोलावलं, तेव्हा स्वारी हरखून गेली. नागपूर ते कोंढाळी आणि परत. बारा जण, एकामागे एक. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांचे पाय वाचतात. थोड्या वेळाने तो बाजूला सरून रांगेच्या शेवटी जातो आणि त्याच्या मागचा पुढे येतो. खड्डा दिसला की पाठीमागे हात नेऊन मागच्याला दाखवायचा. आणि नव्या माणसाला मंडळात घ्यायचं की नाही, हे अध्यक्ष-बिध्यक्ष ठरवत नसत. दिवसभर त्याच्या मागे चाललेला माणूस ठरवायचा.

देवरावच्या मागे आले वामनराव. रेल्वेतून रिटायर, साठी उलटलेली, बोलणं मोजकं. देवरावला तर ह्या मंडळात यायचंच होतं.

जाताना काय मजा आली म्हणता! शहराबाहेर वाडीच्या गोदामांपाशी ट्रकवाले हॉर्न वाजवून सलाम करत होते. मंडळातल्या तारा मास्तरणीने चालत्या सायकलवरून तिळाची वडी पुढे दिली. सायकलवर असताना देवरावला आजवर कुणी काही खायला दिलं नव्हतं. कोंढाळीला पोहोचेपर्यंत तो सगळ्यांशी जुन्या ओळखीसारखा बोलायला लागला होता.

परतताना वारा तोंडावर आला आणि नेमकी तेव्हाच देवरावची पाळी लागली. बस्स, गड्याच्या अंगात आलं. ह्या लोकांनी एवढी माया केली, आता आपणही ह्यांना वाऱ्यासारखं घरी नेऊ, असं म्हणून त्याने पायडल दाबले. खड्डा आला की इमानदारीने मागे हात दाखवत होता. तीन मैलांनी, बाजारगावापाशी, त्याने कौतुकाने मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा! एवढा वेळ हा शहाणा हवेलाच खड्डे दाखवत होता.

तो उलटा फिरला. रांगेचे तीन तुकडे झाले होते. "पुढं आलं की वेग वाढवायचा नसते जी," तारा म्हणाली. "चालू आहे तोच ठेवायचा." पुढचं चाक सोडायचं नाही म्हणून वामनराव एकटेच त्याच्यामागे धावले होते आणि दम तुटून बाभळीखाली बसले होते.

"काहून पळून राहिला होता गा?" त्यांनी विचारलं. "तार होती का कोणाची?"

सगळे हसले. देवरावला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं जी, बाबूजी," तो म्हणाला. "मले मागं कोणी असते हे ध्यानातच नाही रायलं. आता माह्या मागं या."

मग तो वामनरावांच्या पुढे असा चालला की डोळे रस्त्यावर आणि कान मागे. त्यांचा श्वास वाढला की हा पाय सैल करी. चढ आला की हळू, उतारावर तर आणखीच हळू. मंडळाचे सेक्रेटरी चंद्रभान दोनदा म्हणाले, "थकला अशीन गा, हो बाजूले." देवराव हटला नाही. वीस किलोमीटर छातीवर वारा झेलत त्याने वामनरावांना वाडीला आणलं. मागून श्वास आता शांत येत होता, आणि ते ऐकून देवरावला उड्या माराव्याशा वाटत होत्या.

चहाच्या टपरीवर चंद्रभानने विचारलं, "बोला वामनराव, घ्यायचं का याले?"

वामनरावांनी बशीतला चहा संपवला. देवराव जमिनीकडे पाहत उभा होता.

"पुढच्या रविवारी याच्या मागं मी राहीन," ते म्हणाले. "ते जागा दुसऱ्या कोणी घ्यायची नाही, सांगून ठेवतो."

देवरावला काय करावं सुचेना, म्हणून तो वामनरावांच्या सायकलपाशी गेला आणि तिच्या चाकांतली हवा दाबून पाहू लागला. हवा चांगली भरलेली होती. तरी त्याने पंप मागितला.