राइनहिल्डेची चौथी पेशी

राइनहिल्डे गेंटच्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. वय एक्कावन्न, तरी नोकरी कंत्राटीच. उंदरांची यकृतं विरघळवायची आणि त्यातल्या भक्षक पेशी वेगळ्या काढायच्या, यातच बाईचे केस पिकले.

या पेशींच्या तीन प्रकारांशी आमचा रोजचा संबंध. कुप्फर पेशी पक्क्या रहिवासी. यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत ठाण मांडून आतड्याकडून आलेले जंतू आणि म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळतात. दुसऱ्या पेशी रक्तातून येतात, मेलेल्या कुप्फरच्या जागी बसतात आणि हळूहळू तिच्यासारख्याच होतात. तिसऱ्या पेशी यकृताच्या वरच्या आवरणात राहून पोटातून घुसणाऱ्या जंतूंवर पहारा देतात. राइनहिल्डेला चौथी सापडली होती. पृष्ठभागावरच्या खुणा सगळ्या कुप्फरच्या, पण लहानशी, गोल. ती खरी ठरली की नोकरी पक्की, असं आमचा प्रमुख योस्ट बोलून बसला होता.

या शोधाचा पेपर मासिकाला पाठवायच्या आठवड्यात तिनं शेवटची खात्री करायला घेतली. यकृत न विरघळवता त्याचे पातळ काप काढले, रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली.

"अगं, दिसली का कुठं?" मी विचारलं.

"नाही गं. एकही नाही."

"रंग नीट चढला नसेल."

"चढलाय की! कुप्फर लख्ख दिसताहेत. हे बघ त्यांचे हात, केवढे लांब पसरलेत."

हात बघता बघता तिच्या लक्षात आलं. मलाही उमगलं. यकृत विरघळवताना आम्ही कुप्फरला ओरबाडून काढतो. तिचे हात तुटतात, तुकडे शेजारच्या भलत्याच पेशींना चिकटतात. पेशी मोजणारं यंत्र तुकड्यांवरच्या खुणा वाचतं आणि त्या पेशीलाच कुप्फर समजतं. चौथा प्रकार नव्हताच.

"चार वर्षं चिंध्या मोजल्या मी," ती म्हणाली. ती रडली नाही. मलाच मेलं रडू आलं.

योस्टनं आमच्यासमोरच ते काप पाहिले आणि दार लोटून घेतलं. "हे कुणी मागितलंय का? राहू दे बाजूला."

"म्हणजे उद्या दुसरी कुणी या पेशीमागे अशीच वर्षं घालवेल," राइनहिल्डे म्हणाली.

"राइनहिल्डे, पेपर नाही तर पुढचं कंत्राटही नाही. माझ्या हातात काही नाही गं."

"ठाऊक आहे रे. दमलेय मी, पण खोटं छापण्याइतकी नाही."

इतका राग आला मला त्याचा! पण तोंड उघडलं नाही, माझंही कंत्राटच आहे.

आमच्याकडे ज्याचा पेपर गेला त्यानं केक आणायचा. तिनं तो आधीच सांगून ठेवला होता. शुक्रवारी कॉफीच्या वेळी घेऊन आली.

"अरे वा! गेला वाटतं पेपर?" वरच्या मजल्यावरचे विचारायला लागले.

"पेपर नाही, मीच चाललेय," ती म्हणाली. "घ्या ना, क्रीम वितळतंय."