वखारीकडची भिंत

अंबुबाईच्या खोलीला चार भिंती होत्या. तीन तिच्या, चौथी तंबाखूची. निपाणीत वखारीच्या पाठीला पाठ लावून आमची खोल्यांची ओळ होती. वखार मालकाची, खोल्याही मालकाच्या. भाडं मजुरीतूनच वळतं व्हायचं, त्यामुळं आम्ही कामाला कधी जातो आणि घरी कधी येतो हे आमचं आम्हालाच कळत नसे. ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट.

ज्यांनी तंबाखू फक्त चिमटीत पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. वाळलेल्या पानाला हात लावला की त्याचा चुरा होतो. म्हणून ढीग रचायचा, त्यावर पाणी शिंपडायचं आणि गोणपाटानं झाकून ठेवायचं. पान मऊ पडलं की मुकादम मूठभर उचलून दाबतो आणि खूश होऊन म्हणतो, "झ्याक ओल धरलीया." वखारीत ओल म्हणजे मालाची तब्येत. भिंतीच्या अलीकडं तीच ओल म्हणजे काळ्या ठिपक्यांची बुरशी, लुगड्यांना कुबट वास आणि घराघरातला खोकला.

आणि हे पाणी शिंपडायचं काम अंबुबाईचंच होतं. तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. बोटं जुळवून ती असा तुषार सोडायची की पान न् पान भिजायचं, पण तळाला थेंब साचायचा नाही. परशराम मुकादम तिला म्हणायचा, "अंबुबाई, तुझ्या हातात ढग हाय बघ." मग हा ढग दिवसभर पलीकडून भिंत भिजवायचा आणि संध्याकाळी अलीकडून फडक्यानं तीच भिंत पुसत बसायचा.

मालकाकडं गाऱ्हाणं नेलं की उत्तर ठरलेलं असे. "तुम्ही बायका खोलीत शिजवता, धुणं आत वाळत घालता. भिंतीला घाम येणारच." शाबास! मग चूल काय त्यांच्या दिवाणखान्यात मांडायची होती? आमचं धुणं ऊन नसलं की आत यायचं, आणि यांचा ढीग बारा महिने भिंतीला टेकलेला. पण घाम यायचा तो आमच्या धुण्यानं!

अंबुबाईचा नवरा लवकर गेला. मागं एकच लेक, गुणा. ती बेळगावजवळच्या कडोलीत दिली होती. संक्रांत झाली, वखार नव्या मालानं भरायला लागली आणि निरोप आला की गुणाला दिवस गेलेत, सातवा लागला की आणायला या. पहिलं बाळंतपण माहेरी. ते चुकवलं तर आई म्हणून तोंड दाखवायची सोय नाही.

अंबुबाई हरखली. मग तिनं भिंतीकडं बघितलं आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशीपासून तिचा उद्योग सुरू झाला. राख चोळली. चुना मारला, त्याचे पापुद्रे निघाले. शेवटी लेक येणार म्हणून तिनं शेणामातीचा छान गिलावा केला, आणि तिथंच फसली. ओल्या भिंतीवर शेण म्हणजे बुरशीला जेवणावळ. चार-आठ दिवसांत भिंतीवर पांढरी लव उगवली. शेजारची मालुबाई दारात उभी राहून खिदळली. "अंबू, तुझ्या भिंतीला दाढी आली गं! न्हाव्याला सांगावा धाडू काय?"

"धाड की. तुझ्या दादल्याची बी करून घिऊ एकदमच," अंबुबाई म्हणाली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

मग ती मुकादमाकडं गेली. मी तिथंच गोणी शिवत होतो.

"परशरामअण्णा, माझ्या भिंतीच्या अंगाचा ढीग तेवढा हातभर फुडं घ्या. लेकीचं बाळंतपण हुईस्तवर. मग लावा पुन्ना."

"माझ्या हातात काय हाय गं? मालकास्नी इचार."

तिनं तेही केलं. मालक गादीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "भिंत दोन्ही बाजूंनी माझीच आहे, बाई. पसंत नसेल तर खोली सोड."

ती बाहेर आली तेव्हा मीच तोंड सोडून शिव्या देत होतो. ती म्हणाली, "गप रं आप्पा. शिव्यांनी वाळती व्हय भिंत?"

मग तिनं काय केलं ते कुणाला सांगितलं नाही. ढिगाच्या बाकीच्या अंगाला ती नेहमीसारखं शिंपडायची. भिंतीच्या अंगाला आली की हात तसाच हलायचा, बोटं तशीच उघडायची, पण ओंजळीत पाणी नसायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ढग चाललाय बरसत.

भिंत वाळायला लागली. आधी वरची कड फिकी पडली, मग डाग आकसत खाली आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीतला कुबट वास गेला आणि त्याच सुमाराला गुणा आली. पोट पुढं, नाकात नथ, तोंड सुकलेलं. ती भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसायची आणि अंबुबाई तिच्या डोक्याला तेल लावायची. तेल निथळेपर्यंत लावायची. तसंच डोकं गुणा भिंतीला टेकायची.

"आये, भिंत उबदार लागतीया की गं."

"मग! तुझ्यासाठीच शेकून ठिवलीया," अंबुबाई म्हणायची. तिला इतकं सुखात मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

पुढं माल उलटायचा दिवस आला. गड्यांनी गोणपाट काढलं, भिंतीकडचा थर हलवला आणि सगळी धूळ उडाली. पानांचा भुगा. परशरामानं मूठ दाबली, उघडली, फुंकली. त्यानं अंबुबाईकडं पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. मालकाला त्यानं उंदरांचं कारण सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी अंबुबाईला चाळणीवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या मालुबाईच्या हातात दिला.

त्याच आठवड्यात गुणा बाळंत झाली. मुलगी. अंबुबाई दोन-चार दिवस घरीच राहिली. बाजेखाली निखारे, बाजेवर ओली बाळंतीण, आणि भिंतीपलीकडून सपाक सपाक पाण्याचा आवाज. मालुबाईचा हात नवा. ती तांब्याच्या तांब्या ओतत होती.

अंबुबाईनं भिंतीला तोंड लावलं. "मालू! बोटांतनं सोड गं पाणी! वतू नगंस अशी!"

पलीकडून रडका आवाज आला. "मी काय करू आक्का? मुकादम हुभा हाय! मला जमंना!"

"बोटं जुळीव. मनगाट हलीव. हां, तसं."

आपल्याच घरात पाणी कसं शिरवायचं हे बाई भिंतीतून शिकवत होती. का, तर थेंब तरी कमी यावा. आम्ही ओळीतले सगळे ऐकत होतो. कुणी हसलं नाही.

भिंत पुन्हा काळी झाली. बाहेर वैशाखाचं ऊन भाजत होतं आणि आत पोर गारठत होती. तिची छाती घुरघुरायला लागली. अंबुबाईनं भिंतीवर वाकळ टांगली, म्हणजे निदान गुणाला दिसू नये.

बारशाला कडोलीहून विहीण आली. मनुबाई, मोठी करारी बाई. बाळाला मांडीवर घेतलं, घुरघुर ऐकली, नाक फेंदारलं आणि वाकळ ओढून बाजूला केली.

"विहीणबाई, आमी म्हस बी असल्या जागंत बांधत न्हाय."

अंबुबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. तिनं मुकादमाला बाजारात झापलेलं मी पाहिलंय. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "न्या. आजच न्या."

गुणा उठून बसली. "आये, सव्वा म्हयना बी झाला न्हाय. मला हाकलतीस?"

"व्हय."

तिनं डिंकाचे लाडू फडक्यात बांधले, वाकळ बाळाभोवती गुंडाळायला घेतली, हुंगली आणि परत ठेवून दिली. स्वतःच्या अंगावरचा धुतलेला पदर फाडून त्यात पोर गुंडाळली. मोटार सुटेपर्यंत ती गुणाशी बोलली नाही. बोलली असती तर गुणा राहिली असती.

पोर जगली. कडोलीच्या कोरड्या घरात महिन्याभरात तिची छाती मोकळी झाली. पण सासरच्यांनी गुणाला परत कधी माहेरी धाडलं नाही. अंबुबाई एकदाच तिकडं गेली. तोवर तिचा खोकला पार छातीत उतरला होता. गुणा पोरीला घेऊन धावत आली, तर ही कट्ट्यावरूनच हात पुढं करून म्हणाली, "थांब. जवळ आणू नगंस. हितनंच दिसतीया. लई ग्वाड हाय." आणि पदर तोंडाला लावून आल्या पावली परतली. मनुबाई नको म्हणाली नव्हती. अंबुबाईनंच स्वतःला अडवलं.

मुकादमानं पाण्याचा तांब्या पुन्हा तिच्याकडं दिला. मग तिनं भिंतीच्या अंगालाही मन लावून शिंपडलं. आत आता होतं कोण?

त्या खोकल्यातच ती गेली. त्यानंतर आम्ही वखारीतलं काम बंद पाडलं. मी पहिलं मागणं सांगितलं की ढीग भिंतीपासून हातभर लांब लावा. आमचेच गडी म्हणाले, आधी मजुरीचं बोल. मालकानं मजुरीवर भांडभांड भांडून घेतलं आणि ढिगाचं मागणं हसत कबूल केलं. हसत! हातभर जागा. त्यात त्यांचं काहीच जात नव्हतं. तेव्हाही गेलं नसतं.

भिंत वाळली. चुना मारून खोली नव्या भाडेकरूला दिली. एक दिवस त्या बाईनं मला आत बोलावलं. बसल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर चुन्यातून एक पिवळट गोल डाग वर आला होता.

"आप्पा, ही वल हाय काय वो?"

"न्हाय बाई," मी म्हटलं. "बाळंतिणीच्या डोक्याचं तेल हाय ते. ऱ्हाऊ दे."