मास्तरांची काठी आणि फेरूल

गेल्या शनिवारी पंचवटीत आमच्या मास्तरांच्या ओसरीवर मी आणि करीम काठी घेऊन बसलो होतो. एकदा नकार मिळालेली काठी दुसऱ्यांदा घेऊन... आणि या वेळी डोक्यात एक गोंधळही होता.

मास्तर दिवाळीच्या सुमारास घाटाच्या पायरीवर घसरून पडले. हाड जुळलं, पण माणूस घरातून उठेना. पूर्वी रोज संध्याकाळी पूल ओलांडून वाचनालयात जायचे, तेही बंद झालं. त्यांच्या पत्नी माई म्हणाल्या, "दिवसभर ओसरीच्या खिडकीशी बसतात. आता जेवायलासुद्धा दोनदा हाक मारावी लागते." त्यांच्या त्या बोलण्याने आम्ही घाबरलो.

म्हणून आम्ही दोघा जुन्या विद्यार्थ्यांनी मुंबईहून एक चांगली काठी मागवली. मोठ्या मानाने पुढे केली, तर मास्तर म्हणाले, "काठी? मला? खांदेकरी कुठे उभे केलेत?" झालं... काठी परत करीमच्या दुकानात, बांगड्यांच्या पेट्यांमागे.

आता गोंधळाचं सांगतो. काठीला दुकानदाराची एक छापील इंग्रजी चिठ्ठी बांधलेली होती. मूठ अशी, लाकूड अमुक, आणि खाली पितळी 'फेरूल'. हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. लंडनच्या गोलमेज परिषदेच्या तारा वर्तमानपत्रासाठी रात्रंदिवस मराठीत उतरवणारा मी, एका काठीपाशी अडलो.

ऑफिसातली डिक्शनरी उघडली. फेरूल : शाळेत पोरांच्या हातावर मारायची छडी! माझा चेहरा उतरला. मारक्या छडीचं नाव असलेली वस्तू आपण मास्तरांना देत होतो की काय? मग त्याच्याच शेजारी दुसरा फेरूल दिसला, एक 'आर' जास्त असलेला. त्याचा अर्थ काठीच्या टोकाचं धातूचं कडं. म्हणजे आपला हाच. पण मग छडीवरून कडं आलं की कड्यावरून छडी? डिक्शनरी छोटी होती, तिने पुढे काहीच सांगितलं नाही.

हेच मी ओसरीवर बसून मास्तरांना विचारलं. वर माझा तर्कही जोडला, की छडीच्या टोकाला लोखंडी कडं असणार, त्यावरून छडीला नाव पडलं. लॅटिनमध्ये लोखंडाला 'फेरम' म्हणतात, हे त्यांनीच शिकवलं होतं.

मास्तरांनी खिडकीबाहेरची नजर काढून माझ्याकडे वळवली. कितीतरी दिवसांनी.

"आडनाव एक दिसलं की भाऊ ठरवून मोकळा! माझे वडील रामकुंडावरचे भटजी, यजमानांना पहिलं काय विचारत? गाव कोणतं, आजोबा कोण. नाहीतर भलत्याच घराण्याचं श्राद्ध व्हायचं."

मास्तर शब्दांनाही असंच विचारतात, हे आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

"छडीचं घराणं वेगळं," ते म्हणाले. "फेरूला नावाचं उंच झाड असतं. त्याचा वाळका दांडा हलका. रोमचे मास्तर त्यानेच पोरांना बडवायचे. आपला हिंग निघतो तो याच झाडाच्या भाऊबंदांतून."

आतून माई म्हणाल्या, "म्हणजे मी आमटीत घालते तो?"

"तोच."

"तरीच!" करीम तळहात चोळत म्हणाला. "मास्तर, तुमच्या हातचा मार इतके दिवस पचला कसा, ते आज कळलं."

मास्तर हसले. माई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आणि कडं?" मी विचारलं.

मास्तर थांबले. कपाळाला हात लावला. "ते लोखंडाचं नाही. फ्रेंचांकडून आलंय... त्यामागे... नाही आठवत." हसू मावळलं. मला वाटलं, विचारलं तेच चुकलं.

मी घाईने म्हणालो, "मोठा कोश वाचनालयात आहे. उद्या मी बघून येतो."

"तू?" मास्तर एकदम ताठ बसले. "तू छापखान्याच्या घाईचा माणूस. पहिला अर्थ दिसला की पुस्तक मिटतोस. माई, माझा कोट."

ते भिंतीला धरून उठले. दाराशी त्यांनी करीमपुढे हात केला. "आण ती काठी. शब्दाचा पुरावा म्हणून नेतोय. आधार म्हणून नव्हे."

पूल ओलांडायला आम्हाला फार वेळ लागला. मागून येणारे टांगेवाले ओरडत होते. मास्तर मध्येच थांबत आणि नदी बघायला थांबलो असं सांगत. आम्हीही नदी बघत होतो...

कोशात सापडलं. कड्याचा मूळ शब्द वेगळाच, त्याचा अर्थ लहानशी बांगडी. पुढे लोकांना वाटलं, हे लोखंडाचंच असणार, म्हणून त्यांनी त्याचं रूप 'फेरम'कडे वळवलं. म्हणजे माझी चूक इंग्रजांनी माझ्याआधीच करून ठेवली होती.

"बांगडी!" करीम वाचनालयात मोठ्याने म्हणाला. "मग एवढे दिवस ती योग्य दुकानात होती की!" ग्रंथपालांनी डोळे वटारले. मास्तर मात्र काठीचं टोक उचलून त्या कड्याकडे बघत राहिले.

एक गोष्ट मला अजून उमगलेली नाही. मास्तर ते खरंच विसरले होते, की घराबाहेर पडायला त्यांनाही एक निमित्त हवं होतं? करीम म्हणतो, विसरले होते. माई नुसत्या हसतात. मास्तरांना विचारायची माझी छाती नाही.

काल ते एकटेच पुलावर दिसले, काठीसकट. मला बघून म्हणाले, "नवा शब्द कुठाय?" मी गडबडलो. माझ्याकडे तयार नव्हता.

तेव्हा मित्रहो, तुम्हाला कुठे एकसारखे दिसणारे आणि एकमेकांचे कोणीच नसलेले शब्द भेटले, तर मला कळवा. शक्यतो अवघड असू द्या... छोट्या डिक्शनरीत सापडणार नाहीत असे.