डायलिसिसचा सर्व्हर मधेच का पडायचा

"मावशी, परत पडला!" फोनवर वैशाली रडायच्या बेतात होती. मागून कुणीतरी ओरडत होतं, "आमी उमरीहून पहाटंच निघालाव, अन् नंबर दिसत न्हाई म्हंजी काय?"

पडला होता सर्व्हर. नांदेडच्या एका डायलिसिस सेंटरचं सॉफ्टवेअर वैशाली एकटी सांभाळते. निलंग्याची पोर, बाळंतपणानंतर बरीच वर्षं घरी बसून नुकतीच कामाला लागलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "या आठवड्यात जमलं नाही तर काम पुण्याच्या कंपनीला देतो." मग मी लातूरहून एसटी धरली. मी कुठल्या कॉलेजात शिकलेली नाही, प्रोग्रॅमिंग पुस्तकं वाचून अन् मोडतोड करून शिकले. पण अडलेल्याच्या शेजारी बसायला तेवढं पुरतं.

सॉफ्टवेअर जावा भाषेतलं. जावाचा प्रोग्रॅम थेट कॉम्प्युटरवर चालत नाही बरं का. त्याच्यासाठी आत एक मानलेलं मशीन असतं, व्हर्च्युअल मशीन. त्यात एकेका माणसाचं काम एकेक थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, करतो. कुणी नंबर लावतो, कुणी पेशंटची चिठ्ठी छापतो. एक थ्रेड चुकला तर त्याच्यापुरती एरर यावी. इथं अख्खं मशीन कोसळत होतं.

कोसळताना ते एक फाइल मागे ठेवतं. त्यात दर वेळी एकच ठिकाण दिसे: मराठी अक्षरं छापणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार प्रोग्रॅम. ती जावाच्या बाहेरची, सी भाषेतली. मला वाटलं, दोष हिचाच. नवी आवृत्ती टाकली. दुपारी परत पडला. मग वैशालीच्या प्रोग्रॅमचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. प्रत्येक वेळी, पडण्याच्या जरासं आधी, 'थ्रेड थांबवला'.

"हे कोण थांबवून राहिलंय गं?"

"मीच की. चिठ्ठी लई अडकायची, मावशी. माणसं मशीनवरून उठून येतात, पाय लटपटत असतात, अन् खिडकीपाशी ताटकळतात. मला बघवंना. म्हणून लिवलं, उशीर झाला की थ्रेड मारून टाक, चिठ्ठी नव्यानं मागू."

दुसऱ्या कॉम्प्युटरवर चिठ्ठी छापायला लावली अन् मधेच थ्रेड मारला. तिथलं व्हर्च्युअल मशीनही पडलं. वैशालीनं ओढणी तोंडाशी धरली.

तेवढ्यात डॉक्टर आले. "सापडलं? चूक कुणाची?"

मी विचारलं, "डॉक्टर, पेशंट अर्ध्यात म्हणाला मला जायचंय, तर नळी उपटता का?"

"काहीतरीच काय! मशीनमधलं रक्त आधी अंगात परत द्यावं लागतं."

"थ्रेडच्या हातातही तसंच काही असतं. अर्ध्यात मारला की ते अर्धंच राहतं, अन् बाहेरची लायब्ररी तशीच पुढं रेटते. थ्रेड मारणारा हा 'स्टॉप' हुकूम वापरू नका असं जावावाल्यांनी कधीचं सांगून ठेवलंय. पण जुन्या जावात चालतो, म्हणून माणूस वापरतो. हिनं तुमच्या पेशंटांसाठी वापरला."

डॉक्टर वैशालीकडं वळले. "दुरुस्तीला किती वेळ?"

"उद्यापर्यंत, सर."

"मग पुण्याला फोन करत नाही."

तिनं थ्रेड मारायचं काढून टाकलं. आता थ्रेडला नुसती खूण होते, थांब म्हणून. तो सोयीच्या जागी ती बघतो, हातातलं नीट ठेवतो अन् निघतो. उशिराचं मूळही सापडलं: प्रत्येक चिठ्ठीला अक्षरांची फाइल नव्यानं उघडत होती. ती एकदाच उघडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी गर्दीच्या वेळी खात्री करायला वैशालीनं स्वतःच एक चिठ्ठी मधेच थांबवायचं बटण दाबलं अन् माझा हात घट्ट धरला. एक चिठ्ठी थांबली. बाकीच्या येत राहिल्या.

मी एवढंच शिकले: थांब म्हणणारा लगेच मोकळा होतो, थांबणाऱ्याला जरा वेळ लागतो. तो वेळ प्रोग्रॅममध्ये धरून ठेवायचा.