मामंजींची थंडी

आदिलाबादला कडाक्याची थंडी पडली की सगळे शेकोटीजवळ सरकतात. माझे सासरे, आमचे मामंजी, मात्र कानाला मफलर गुंडाळून गच्चीवर जात. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी आकाशाचे फोटो काढायला कॅमेरा घेतला होता. "सूनबाई, थंडी पडली. आता कॅमेरा खरं बोलन," असं म्हणताना त्यांचा चेहरा खुलायचा.

एकदा मे महिन्यात त्यांनी मला वृश्चिक राशीचा फोटो दाखवला. सगळीकडे लाल-निळे ठिपके. "किती तारे!" मी म्हटलं. ते हसले. "हे तारे नोहोत. कॅमेरा तापला का आतला सेन्सर सोताच ठिपके पैदा करते." मग त्यांनी झाकण लावून तेवढ्याच वेळाचा फोटो काढला. मिट्ट काळोखातही ठिपके होतेच. हे ठिपके त्या फोटोतून वजा करायचे, असं त्यांनी सांगितलं.

"मंग सगळं साफ होते?"

"नाही. थोडं राह्यतेच. त्याले थंडीच पाहिजे."

कॅमेऱ्याला बर्फाच्या पिशव्या बांधूनही पाहिलं. गार काचेवर दव धरलं, फोटो गेला.

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची पुसट कड टिपायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. सासूबाई गेल्यावर दुसरं काही त्यांनी मागितलंच नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचा दमा बळावला. डॉक्टरांनी गार हवा बंद केली, आणि मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. संक्रांतीच्या सुमारास एकदा जेवणं आटोपल्यावर ते दारापाशी येऊन उभे राहिले.

"आज आभाळ लय साफ आहे, सूनबाई. अर्धाच घंटा."

"नोका जाऊ मामंजी, तुमचा दम पाहा. उन्हाळ्यात काढा फोटो."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "बरं," म्हणाले आणि खोलीत गेले.

मे उजाडला. एका संध्याकाळी मीच कुलूप काढलं, खुर्ची वर नेली. "चला, दाखवा तुमचा मृग."

त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं. "तो मावळला, सूनबाई. आता थंडीतच यीन."

"तवाच काऊन नाही सांगितलं?"

"तू भेली होती," ते म्हणाले.

दिवाळीच्या आधीच ते गेले. तेराव्याला आलेली नवऱ्याची एक आत्या माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "बापासारखं जपलं वं तू त्यायले." मला तिच्याकडे बघवलं नाही. मी पंगतीत वाढायला निघून गेले.